नऊ नंबरचा पर्याय

पुण्यातल्या कॉल सेंटरमधला आमचा फ्लोअर २०१९ मध्ये बंद झाला, तेव्हा त्या निर्णयाची बाजू घेणाऱ्यांत मी होते. कुणी तसं बोलायला लावलं नव्हतं. एचआरच्या माणसानं काचेच्या खोलीत एकेका टीमला बोलावून सांगितलं, की ग्राहक आता ॲपवर गेलाय, फोन कमी झालेत, मग फोन उचलणारे ठेवून करायचं काय? मला ते पटलेलं होतं. पॅन्ट्रीपाशी रडणाऱ्या पोरींना मीच समजावत होते. एसटीडी बूथवाले गेले, २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, कुणाचं काय अडलं? आता आपली पाळी, दुसरं काही बघू.

आज मी भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, अड्याळच्या बाजूच्या एका गावात ऑनलाइन कामांचं दुकान चालवते. लोक त्याला सेतू म्हणतात, कुणी सीएससी म्हणतं, म्हाताऱ्या बायका नुसतं ‘त्या पोरीचं दुकान’ म्हणतात. आणि आता एचआरचं ते म्हणणं मला उलटं वाटतं. ग्राहक गेला म्हणून फोन बंद झाले, असं घडलंच नाही. आधी फोन बंद करत आणले, मग ग्राहक गेला असं म्हटलं. हे मला इतरांपेक्षा आधी कळायला हवं होतं, कारण ग्राहक गेल्याचे आकडे माझ्याच एक्सेल शीटमधून वर जात होते.

आमच्या भागातल्या मुली कॉल सेंटरला कशा पोचायच्या ते सांगते, म्हणजे त्या नोकरीची किंमत कळेल. भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. कारखाने म्हणाल तर जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, वरठीचं सनफ्लॅग, तुमसर तालुक्यात चिखला नि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. भंडाऱ्याची पितळी भांडी एकेकाळी नावाजलेली, आता ते काम थोड्या घरांपुरतं उरलंय. यात बीए झालेल्या मुलीला जागा कुठं? घरी बसून विड्या वळायच्या, नाहीतर डीएड करून भरतीची वाट पाहायची. माझ्या आईनं विड्या वळल्या, मी वाट पाहिली. मग एका मैत्रिणीच्या चुलतबहिणीनं पुण्याहून फोन केला, की इकडं ‘मराठी प्रोसेस’साठी माणसं घेतायत, इंग्रजी लागत नाही. वरठीला भंडारा रोड स्टेशनावर महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि गेले.

‘इंग्रजी लागत नाही’ हे मी आजही विसरत नाही. सिनेमात दाखवतात ते कॉल सेंटर अमेरिकेला फोन लावणारं, नाव बदलून जॉन-जेनी होणारं. आमचं देशातलं होतं, मोबाइल कंपनीचं. तिथं आम्ही आमच्या नावानं बोलायचो, आणि पगार मराठी येण्याचा मिळायचा. मराठीत बीए केलेल्या मुलीला मराठीचे पैसे देणारी, महिन्याच्या महिन्याला पीएफ कापणारी दुसरी कुठली कचेरी मला तेव्हा माहीत नव्हती, आताही फारशी नाही. ट्रेनिंगमध्ये आमचं ‘पानी’ घासून ‘पाणी’ केलं गेलं. त्याचा राग आला नाही. राग आला तो नंतर, जेव्हा लाखांदूरकडचा एक माणूस लाइनवर आला आणि शेजारच्या पुणेरी मुलानं तो कॉल ‘भाषा अस्पष्ट’ असा टॅग करून पुढं ढकलला. तो कॉल फिरून माझ्याकडं आला. माणूस म्हणत होता, “काहून कापून रायले जी पैसे? मी तं काही लावलो नाही.” यात अस्पष्ट काय आहे?

आणि पैसे खरंच कापले जात होते. त्या काळात आमच्याकडं येणाऱ्या मराठी कॉल्समधले कितीतरी याच तक्रारीचे. न मागितलेली कॉलर ट्यून, न मागितलेले जोक, न मागितलेलं भक्तिसंगीत. रात्री चुकून एखादं बटण दाबलं गेलं की महिन्याला तीस रुपये. ते बंद करायला माणसानं १२१ लावायचा, तर आमच्याशी बोलण्याचे तीन मिनिटांना पन्नास पैसे वेगळे. तक्रारीसाठीचा १९८ फुकट होता, पण तो फुकट आहे हे आम्ही आपणहून सांगायचं नव्हतं. २०१३ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, नियम कडक केला, की अशी सेवा लावण्याआधी ग्राहकाकडून दोनदा होकार घ्यायचा. त्यानंतर ते कॉल उतरले. पुढं २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, मग सगळ्यांनीच अनलिमिटेड पॅक काढले, आणि ‘बॅलन्स का कापला’ हा प्रश्नच संपत गेला. कॉल कमी झाले त्यातले इतके तर खरोखरच चांगल्या कारणानं कमी झाले, हे मान्य केलंच पाहिजे. तक्रारीचं मूळच गेलं, तर फोन कशाला येईल?

पण आमच्या नोकऱ्या खाल्ल्या त्या मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीनं. २०१६ पर्यंत महाराष्ट्रात मोबाइल कंपन्या मोजायला दोन्ही हातांची बोटं लागायची. दोन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्सनं व्हॉइस सेवा गुंडाळली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमोचे ग्राहक एअरटेलकडं जायला निघाले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. या प्रत्येकीचं मराठी कॉल सेंटर होतं, कुठं पुण्यात, कुठं नागपुरात, कुठं मुंबईच्या उपनगरात. दोन कंपन्या एक झाल्या की सेंटरही एकच राहतं. आणि पंधरा-वीस हजारांची, कंत्राटाची, तिसऱ्याच कंपनीच्या पगारपत्रकावरची मराठी मुलगी मोजायला कुठल्या बातमीत जागा असते? बीएसएनएलची निदान बातमी झाली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८,५६९ कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीनं बाहेर पडले, जवळजवळ निम्मं खातं. आमच्याकडं कुणी मोजलं नाही. ‘ग्राहक ऑनलाइन गेला’ एवढं सांगून विषय मिटला.

आता माझ्या शीटबद्दल. चार वर्षं हेडफोन घालून झाल्यावर मला एमआयएसमध्ये घेतलं. कोणत्या कारणानं किती कॉल, किती सेकंद, किती जण ‘क्यू’मध्ये असताना गेले, हे रोज जमवायचं. त्यातून आयव्हीआरच्या टीममध्ये गेले. आयव्हीआर म्हणजे ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारी ती बाई. तिची वाक्यं कोणत्या क्रमानं यावीत हे ठरवणारे सहा-सात जण असतात, त्यांतली एक मी. आमच्यापुढचं उद्दिष्ट स्पष्ट होतं. माणसापर्यंत पोचणारे कॉल कमी करायचे. इंग्रजीत त्याला डिफ्लेक्शन म्हणत, आणि ते दर तिमाहीला वाढलेलं दाखवायचं.

‘आमच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा’ हा पर्याय सुरुवातीला पहिल्याच यादीत होता. तो आम्ही दुसऱ्या यादीत नेला. मग तिसऱ्या. मग तो बोलून दाखवणंच बंद केलं. दाबला तर चालायचा, पण ज्याला माहीत त्यालाच. त्याऐवजी कॉल करणाऱ्याला एसएमएसनं ॲपची लिंक जायची, ‘आपल्याला लिंक पाठवली आहे, धन्यवाद’ असं बाई म्हणायची आणि कॉल संपायचा. शीटमध्ये त्या कॉलसाठी एकच रकाना होता, ‘स्वयंसेवेद्वारे निराकरण’. लिंक उघडली का, ॲप उतरवलं का, काम झालं का, याचा रकाना नव्हता. कंटाळून ज्यानं मध्येच फोन ठेवला, तोही त्याच रकान्यात पडायचा. फोन ठेवला म्हणजे प्रश्न सुटला!

नियम मोडत नव्हतो, हे त्यातलं गमतीचं. ट्रायच्या सेवा-दर्जाच्या निकषात होतं, की प्रतिनिधीशी बोलू पाहणाऱ्या ९५ टक्के कॉल्सना ९० सेकंदांच्या आत माणूस मिळाला पाहिजे. आम्ही तो निकष आरामात पाळायचो. ज्याला नऊ सापडलाच नाही तो मुळात हिशेबातच नाही. जेवढे कमी लोक दारापर्यंत पोचतील तेवढी दार उघडण्याची टक्केवारी चांगली. मी या आलेखाचं प्रेझेंटेशन दिलंय, आणि त्यावर टाळ्याही घेतल्यात.

हे सगळं मला तेव्हा खुपत का नव्हतं? त्याचं खरं कारण फार तात्त्विक नाही. मी रात्रपाळी केलेली होती. रात्री अकरानंतर मुलींच्या लाइनवर जे कॉल येतात ते ज्यांनी घेतले त्यांनाच माहीत. दारू पिऊन बोलणारे, नाव विचारणारे, काहीच न बोलता नुसता श्वास ऐकवणारे. आम्हाला कॉल कापायची परवानगी नव्हती. तीनदा ‘सर, कृपया योग्य भाषेत बोला’ म्हणायचं, मग सुपरवायझरला हात वर करून दाखवायचं, तो ‘कापा’ म्हणेल तेव्हा कापायचं. त्यामुळं फोन कमी करणाऱ्या कुठल्याही गोष्टीच्या मी बाजूनं होते. यंत्रानं ऐकावं ते. यंत्राला कोण काय म्हणणार? ते मत मी आजही सोडलेलं नाही. कॉल सेंटर गेलं म्हणून गळा काढणाऱ्यांनी एकदा रात्रीचे दोन तास हेडफोन लावून पाहावेत.

गावी आले ती काही मोठा विचार करून नव्हे. नोकरी गेली, त्यानंतर काही महिन्यांत टाळेबंदी आली. लॅपटॉप होता, प्रिंटर घेतला, अंगठ्याची मशीन घेतली, आधी घराच्या पडवीत नि मग बसस्टँडजवळच्या गाळ्यात बसले. सातबारा, ई-पीक पाहणी, पीएम किसानची केवायसी, धानखरेदीची नोंदणी, विजेचं बिल, शिष्यवृत्तीचे फॉर्म. पहिलं वर्ष मी लोकांवर वैतागायचे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत स्वतःच्या मोबाइलवर मिळतो, तो काढायला माझ्याकडं कशाला येता? मी शिकवायलाही लागले. एक-दोघं शिकले, बाकीच्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी पुन्हा आले.

मग एका दिवाळीच्या सुमारास पाऊस आला. एक रुपयात पीकविमा होता त्या काळातली गोष्ट. धान कापून कडपा शेतात पसरलेल्या, त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, अजून घातले नव्हते, आणि दोन दिवस लागून पाऊस. विम्याच्या नियमाप्रमाणं ७२ तासांत नुकसान कळवायचं, ॲपवर किंवा टोल फ्री नंबरवर. दुसऱ्या दिवशी एक बाबाजी आले. बटनांचा फोन, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. म्हणाले, “माय, सकाळपासून लावून रायलो, ते बाई बोलते अन् बंद होते. तू पाय बरं.”

मी फोन स्पीकरवर टाकला. भाषा निवडा. मराठी. पीक नुकसानीसाठी अमुक दाबा. दाबलं. मग नोंदणी क्रमांक टाका, त्यानंतर चौकट दाबा. बाबाजी म्हणाले, चौकट म्हणजे कोणती? मी दाबली. मग तीच ओळ, अगदी माझ्या टीमनं लिहिल्यासारखी. आपल्या मोबाइलवर लिंक पाठवली आहे, धन्यवाद. कॉल संपला. त्यांच्या फोनच्या बोटभर पडद्यावर निळी लिंक आली, जी त्या फोनवर उघडूच शकत नव्हती. मी गप्प बसले. कारण मला दिसत होतं, की कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी शीटमध्ये, या कॉलपुढं ‘निराकरण’ पडलंय. सकाळपासूनच्या प्रत्येक कॉलपुढं पडलं असणार. महिनाअखेरीला कुणीतरी तरुण मुलगी दाखवेल, की भंडाऱ्याचा शेतकरी स्वयंसेवेकडं वळतोय.

मला खाचाखोचा माहीत होत्या. काही न दाबता थांबलं, चुकीचं बटन दोन-तीनदा दाबलं, की काही यंत्रणा वैतागून माणसाकडं सोडतात. तसं केलं. माणूस आला. पोरगा सभ्य होता, पण त्यानं सर्व्हे नंबर विचारला, बाबाजींनी गट नंबर सांगितला, त्यानं ‘जुळत नाही’ म्हटलं. मी मध्ये पडून त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, आणि तक्रार नोंदली गेली. तरी फोटो हवाच होता, शेतात उभं राहून, जागेच्या खुणेसकट. मग माझ्या फोनवर ॲप घेऊन, स्कूटीवर त्यांच्या मागोमाग बांधापर्यंत गेले. कडपांतून पाणी वाहत होतं, लोंब्या काळ्या पडायला लागल्या होत्या. पैसे आले, उन्हाळ्यात, त्यांनी मनात धरले होते त्याहून कमी.

या एका प्रकरणानं मत बदललं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मत बदललं ते दुकानाचा हिशेब लिहिताना, वर्षभरात हळूहळू. मी पुण्यात जे काम पगारावर करत होते, तेच काम मी गावात करत होते. फोनवर थांबायचं, कागद पाहून नंबर सांगायचा, नाव चुकलं तर दुरुस्त करायचं, रागावलेल्या माणसाला शांत करायचं. फरक इतकाच की तिकडं पैसे कंपनी द्यायची, इकडं ग्राहक देतो. कंपनीनं जे काम बंद केलं म्हणून जाहीर केलं होतं, ते बंद झालेलंच नव्हतं. ते गावोगावच्या गाळ्यांत, भाच्यांच्या नि नातींच्या मोबाइलमध्ये येऊन पडलं होतं, आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जात होता.

विजेचं बिल घ्या. महावितरण ऑनलाइन बिल भरणाऱ्याला पाव टक्का सूट देतं, कागदी बिल नको म्हटलं तर बिलामागं १० रुपये आणखी. चांगली योजना आहे. पण ८०० रुपयांच्या बिलावर पाव टक्का म्हणजे दोन रुपये, आणि ते भरून पावतीची प्रिंट द्यायला मी दहा रुपये घेते. कागदी बिल तर बहुतेकांना हवंच असतं, कारण ते रहिवासाचा पुरावा म्हणून लागतं. म्हणजे ऑनलाइन भरून माझं गिऱ्हाईक आठ रुपयांनी तोट्यात. कंपनीच्या दप्तरी मात्र तो डिजिटल ग्राहक. असे ‘डिजिटल ग्राहक’ माझ्या एकटीच्या दुकानात किती आहेत म्हणून सांगू! त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी ॲप उघडलेलं नाही. ऑनलाइन गेले ते ग्राहक नव्हेत, त्यांच्या वतीनं मी गेले.

दुसरी गोष्ट मला पुण्यात बसून कधीच सुचली नसती. खऱ्या माणसाचा फोन लागेनासा झाला, की खोटा माणूस पहिल्या रिंगला फोन उचलतो. २०२२ च्या सुमारास सगळीकडं मेसेज फिरत होते, ‘मागील बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क करा’. पुढं मोबाइल नंबर. आमच्या बाजूच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी तो लावला. पलीकडचा माणूस किती छान बोलला म्हणून सांगत होते! नाव विचारलं, काळजी करू नका म्हणाला, एकेक पायरी सावकाश समजावून सांगितली. एक ॲप टाकायला लावलं, आणि पेन्शन खात्यातले पैसे गेले. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला, तक्रार झाली, पण उशीर झाला होता. गुरुजी भोळे नव्हेत. त्यांना आयुष्यभर सवय होती, की कचेरीला फोन केला तर कुणीतरी बोलतं. त्या सवयीवरच तो धंदा चालतो. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून ठगांच्या हाती सापडणाऱ्यांचंही तेच. चोरांनी कॉल सेंटर बंद केलेली नाहीत, कारण माणसाचा आवाज काय काम करतो हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

यंत्राबद्दल माझा आकस नाही. पीएम किसानचा ‘किसान ई-मित्र’ २०२३ मध्ये आला. त्याला मराठीत विचारलं की दोन हजारांचा हप्ता कशात अडकला, तर तो केवायसी बाकी आहे की आधार खात्याला जोडलेलं नाही, ते सरळ सांगतो. माझा वेळ वाचतो. उलट किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे, तिथं अजून माणूस बोलतो, सकाळी सहा ते रात्री दहा. धानावर तुडतुडा आला, करपा पडला, तर मी लोकांना तिथंच फोन लावून देते, कारण ‘पानं खालून पिवळी होऊन रायली’ यावर माणूस उलट प्रश्न विचारतो. दोन्ही असू शकतात, आणि आहेत. माझं भांडण त्या हिशेबाशी आहे, ज्यात यंत्र आल्याचा पुरावा म्हणून माणूस काढल्याचा आकडा दाखवतात.

हा हिशेब फक्त आपल्याकडचा नाही, हे अलीकडं वाचून जरा बरंही वाटलं. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेनं २०२५ मध्ये बोलणारा बॉट आणला, त्यामुळं आठवड्याला दोन हजार कॉल कमी झाले असं सांगितलं, आणि कॉल सेंटरमधल्या ४५ जागा काढायला घेतल्या. युनियन म्हणाली, कॉल तर वाढतायत, टीम लीडर फोनवर बसवलेत, ओव्हरटाइम चाललाय. ऑगस्टमध्ये बँकेनं निर्णय मागं घेतला, माफी मागितली. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीनं २०२४ मध्ये गाजावाजा केला, की आमचा एआय सातशे माणसांचं काम करतो. पुढच्या वर्षी त्यांचे प्रमुखच म्हणाले की दर्जा घसरला, आणि पुन्हा माणसं घ्यायला लागले. त्या ४५ जणांच्या मागं युनियन होती. आमच्या फ्लोअरवर युनियन हा शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही. आम्ही कॅबमध्ये एकमेकींना डबा द्यायचो, एवढीच आमची संघटना.

तर मग मी काय मागते? जुनं कॉल सेंटर परत नको. तो हेडफोन, त्या रात्री, वॉशरूमला जायची मोजलेली मिनिटं, काही नको. पण नऊ पहिल्या यादीत पाहिजे, आणि तो बोलून दाखवला पाहिजे. नऊ दाबल्यावर जो माणूस येईल त्याच्या हातात काहीतरी दुरुस्त करायचा अधिकार पाहिजे. आम्हाला तोही नसायचा, आम्ही बहुतेक वेळा ‘आपली तक्रार पुढं पाठवली आहे’ एवढंच म्हणायचो. आणि माझ्यासारख्या गाळ्यातल्या बाईकडून कंपन्या जे काम फुकट करून घेतात, त्याचे पैसे कंपन्यांनी द्यावेत, शेतकऱ्यानं नव्हे. हे बोलले की माझा जुना टीम लीडर हसतो. म्हणतो, तू तर डिफ्लेक्शन क्वीन होतीस!

तो आता मराठी बोलणारे बॉट करणाऱ्या एका कंपनीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. बॉटला पुण्याची मराठी कळते, कोल्हापूरची बरीचशी कळते, पण तुमच्या भंडाऱ्याकडची झाडीबोली काही केल्या कळत नाही, रेकॉर्डिंग ऐकून लिहून देशील का? तासावर पैसे. ज्या बोलीवर कधी ‘अस्पष्ट’ म्हणून शिक्का बसला, तिला आता भाव आलाय, तोही तिला बोलणारी माणसं नोकरीत ठेवावी लागू नयेत म्हणून. हे मला दिसत नाही असं नाही. तरी मी हो म्हटलं. धान निघेपर्यंत दुकान मंदच असतं, गाळ्याचं भाडं थांबत नाही, आणि बॉट येणारच असेल तर त्याला निदान ‘काहून’ म्हणजे काय ते कळलेलं बरं.

एक अट घातली होती, की फोन करणारा ‘माणसाशी बोलायचं आहे’ असं कोणत्याही बोलीत म्हणाला तर बॉटनं त्याला लगेच माणसाकडं द्यावं. टीम लीडर म्हणाला, ते क्लायंट ठरवतो, आपण नाही. मी जे लिहून देते त्या शीटमध्ये शेवटचा रकाना आहे, ‘निराकरण झाले / झाले नाही’. पहिल्या आठवड्यातच मी त्यात तिसरा पर्याय घातला, ‘कंटाळून ठेवला’, आणि तो भरायला लागले. अजून कुणी काढायला सांगितलेलं नाही. बहुधा त्या शीटकडं कुणी पाहत नसावं. पाहतील तेव्हा भांडण होईल, आणि कदाचित हे कामही जाईल. तोवर रात्री जेवणं झाल्यावर मी ते करते, तासाला दीडशे रुपयांनी.